काटा लाल रेघेत

आमच्या घरी एक ट्रॅक्टर आहे. १९९६ सालचा, तीन सिलिंडरचा, ३५ हॉर्सपॉवरचा. तो आला तेव्हा मी सातवीत होतो. अण्णांनी त्याला हार घातला, आईनं चाकांखाली लिंबं ठेवली आणि मी वर्गात दोन आठवडे दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोललो नाही. आज त्याचा रंग कुठला होता ते मडगार्डाच्या आतल्या बाजूला बघून सांगावं लागतं. पण अण्णांच्या लेखी तो अजून 'नवा ट्रॅक्टर'च आहे. कारण त्याच्या आधी घरात बैल होते.

तर ही गोष्ट त्या ट्रॅक्टरची. म्हणजे तशी माझीच आहे, पण सुरुवात त्याच्यापासून करतो.

२०२२ च्या दिवाळीत मी पुण्याहून गावी गेलो होतो. सुट्टीत हाताला काहीतरी काम हवं म्हणून ट्रॅक्टर घेऊन हायवेवरच्या वॉशिंग सेंटरवर गेलो. अण्णा ट्रॅक्टर विहिरीवर धुतात. बादली, चिंधी आणि केरसुणीचा बुडखा, एवढ्यावर. मला वाटलं, एकदा चांगला धुवून आणावा. तिथल्या पोराकडे प्रेशरची गन होती. मी त्याला म्हणालो, पुढची जाळी नीट मार, आत लई कचरा बसलाय. त्यानं जाळी काढली आणि अगदी जवळून, मनापासून मारली. मी वर पन्नास रुपये बक्षीसही दिले. घरी आणल्यावर अण्णांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "झ्याक." त्यांच्या तोंडून हा शब्द म्हणजे पदवीदान समारंभच.

नोव्हेंबरअखेरीस फोनवर बोलताना अण्णा सहज म्हणाले, "काटा जरा वर ऱ्हातोय बघ आजकाल." मी लॅपटॉपवर काहीतरी करत होतो. म्हणालो, "अण्णा, सव्वीस वर्षं झाली त्याला. वय झालं. आता द्या एक्स्चेंजमध्ये." ते "बघू" म्हणाले. मग आईनं फोन घेतला.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. दीड एकर ऊस असतो. जानेवारी २०२३ मध्ये तोड आली. आमच्याकडचा ड्रायव्हर डबल ट्रॉलीवर जास्त पैसे मिळतात म्हणून दुसरीकडे गेला होता. अण्णांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. मी आठवड्याची रजा टाकली आणि गेलो.

पहिली खेप. ट्रॉलीत आठेक टन ऊस. मी स्टिअरिंगवर, अण्णा मडगार्डवर. आमच्या गावातून कारखान्याच्या रस्त्याला लागायच्या आधी एक खिंड आहे. फार मोठी नाही, दोनेक किलोमीटरचा चढ. सपाटीला काटा मध्यावर होता. चढ लागला तसा तो हलायला लागला. अर्धा चढ झाला आणि काटा लाल रेघेत गेला. बोनेटच्या फटीतून वाफ यायला लागली, आणि तो वास... गरम रबर आणि गंजलेलं पाणी यांचा. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

मी घाबरून इंजिन बंद करायला हात घातला. अण्णा ओरडले, "आरं थांब! बंद करू नगंस. गिअर काढ, हळू चालू दे." स्वतः उडी मारून त्यांनी ट्रॉलीच्या चाकांमागे दगड लावले. अडुसष्टाव्या वर्षी, डोळ्याला काळा चष्मा लावून.

यामागचं शास्त्र मला नंतर कळलं. इंजिन एकदम बंद केलं की पाणी फिरवणारा पंप थांबतो, पंखा थांबतो, आणि तापलेल्या लोखंडातली उष्णता जागच्या जागी अडकून पाणी आणखी उसळतं. पाणी पार निघून गेलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा इंजिन लगेच बंदच करायचं. पण पाणी असेल तर ओझं काढून हळू चालू ठेवणं बरं. मी मात्र त्यापुढची चूक करायला निघालो होतो. रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला तेव्हा अण्णांनी माझं मनगट असं धरलं, की संध्याकाळपर्यंत बोटांचे वळ होते. ते झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. आत दाब असतो म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि उकळतं पाणी नि वाफ एका क्षणात तोंडावर. आमचा भाग समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास. इथं उघड्या भांड्यातलं पाणी अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळायला लागतं.

चाळीस मिनिटं थांबलो. मग गोणपाट टाकून अण्णांनी झाकण अर्ध्यावर फिरवलं, दाब सोडला, आणि इंजिन चालू ठेवून तांब्यानं थोडं थोडं पाणी ओतलं. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जातो, हे त्यांना कुणी शिकवलं कुणास ठाऊक. अजून दोनदा थांबून कारखान्यावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. पुढे रांग.

रांगेत बसून मी मोबाईलवर वाचत सुटलो. थर्मोस्टॅट, वॉटर पंप, हेड गॅस्केट, फॅन बेल्ट, झाकणाचा रबर... सगळी कारणं आपल्यालाच लागू आहेत असं वाटायला लागलं. सर्दीची लक्षणं वाचताना होतं ना, तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरेगावला जाऊन नवं झाकण आणि नवा बेल्ट घेऊन आलो, बसवला, आणि आवारात अर्धा तास ट्रॅक्टर चालू ठेवला. काटा मध्यावर. हलला नाही! मी विजयी मुद्रेनं अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "उभा ऱ्हाऊन कशाला गरम हुईल?"

दुसरी खेप. त्याच चढावर, जवळजवळ त्याच बाभळीपाशी, काटा लाल रेघेत.

त्या दिवशी खिंडीत बसून मी अण्णांना बरंच काही बोललो. हे भंगार झालंय, याच्यापायी ऊस वाळतोय, किती दिवस जपणार, दीड लाख येतील एक्स्चेंजमध्ये तर घ्या ना. ऊस वाळण्याचं खरंच होतं. तोडलेला ऊस जितका उशिरा काट्यावर जाईल तितकं वजन आणि साखर दोन्ही घटतं. त्या हंगामात केंद्रानं एफआरपी क्विंटलला ३०५ रुपये ठरवली होती, १०.२५ टक्के उताऱ्याला. आठ टनांची ट्रॉली म्हणजे तोडणी-वाहतूक वजा व्हायच्या आधी साधारण चोवीस हजार. आणि मागे फडात तोडलेला ऊस तसाच पडलेला, मुकादम दर तासाला फोन करणार. अण्णा ऐकत होते. एकदाच म्हणाले, "भंगार आसतं तर हितवर आलं नसतं."

संध्याकाळी त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. हे मिस्त्री अण्णांच्याच वयाचे. आल्यावर इंजिनाकडे ढुंकूनही बघितलं नाही. आधी चहा घेतला. मग मला विचारलं, "कधी गरम हुतो? रिकामा का भरलेला? सपाटीला का चढाला? कुठल्या गिअरला? किती येळानं?" मी उत्तरं देत गेलो आणि माझ्या लक्षात आलं की हे प्रश्न मी स्वतःला विचारलेच नव्हते. मी थेट पार्ट बदलायला सुरुवात केली होती. आमच्या कामातसुद्धा बग न शोधता सर्व्हर रीस्टार्ट करणारी मंडळी असतात. मी त्यांना हसतो.

मग मिस्त्री ट्रॉलीकडे गेले. "इंजिन गरम हुतंय म्हंजी दोष इंजिनातच आसंल आसं थोडंच हाय?" ट्रॉली नुकतीच रिकामी होऊन आली होती. त्यांनी चाकांच्या हबवर एकेक करून पालथा हात ठेवला. एखादं बेअरिंग धरत असेल किंवा ब्रेक घासत असेल, तर ते चाक इतरांपेक्षा गरम लागतं, आणि ट्रॅक्टरला विनाकारण जादा ओढावं लागतं. चारी हब सारखे. मग ट्रॅक्टरचे ब्रेक पूर्ण सुटतात का ते बघितलं. सुटत होते. "ट्रॉली निर्दोष," मिस्त्री म्हणाले, कोर्टात म्हणावं तसं.

त्यानंतर इंजिन. बेल्ट अंगठ्यानं दाबून बघितला. ऑईलची काडी काढली. ऑईल चहासारखं दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी शिरलंय. तसं नव्हतं. इंजिन गार होतं, म्हणून झाकण काढून चालू केलं आणि आत बॅटरी मारली. हेड गॅस्केट गेलं असेल तर पाण्यात सतत बुडबुडे येतात. बुडबुडे नाहीत. वॉटर पंपाखाली थेंब नाही, आणि रेस केल्यावर खालचा होज पाईप आत चेपत नाही. पाणी सोडलं, ते गंजकट आलं. आमचं बोअरचं पाणी, क्षाराचं. दोनदा धुऊन काढलं. वरून पाणी ओतलं की खालून तेवढ्याच जोरानं पडत होतं. म्हणजे नळ्या तुंबलेल्या नव्हत्या.

थर्मोस्टॅट काढला आणि स्वयंपाकघरात नेला. आईच्या पातेल्यात पाणी ठेवून तो दोऱ्यानं सोडला. आई म्हणाली, "हे पातेलं मी परत चहाला वापरणार न्हाई, सांगून ठेवते." आम्ही तिघं गॅसभोवती उभे. पाण्याला बारीक बुडबुडे यायला लागले आणि उकळी फुटायच्या आधीच त्या पितळी चकतीचं तोंड हळूच उघडलं. बाहेर काढल्यावर मिटलं. सव्वीस वर्षांच्या त्या चिमुकल्या यंत्राचं मला कौतुक वाटलं. नेमून दिलेलं एकच काम, आणि ते चोख.

"मग राह्यलं काय?" मी विचारलं.

"वारा," मिस्त्री म्हणाले.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण मला स्वतःला हे तेव्हाच कळलं. डिझेल जाळून मिळालेल्या उष्णतेपैकी ढोबळ मानानं एक तृतीयांश कामाला येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते, आणि जवळजवळ तेवढीच पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. ३५ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे २६ किलोवॅट. पूर्ण ताकदीनं ओढताना साधारण तितकीच उष्णता रेडिएटरनं हवेत फेकायची. दोन किलोवॅटचे तेरा गिझर एका वेळी चालू आहेत असं समजा! आवारात उभं राहून फटफटताना त्याच्या एक दशांशसुद्धा नसेल. म्हणून आवारात काटा शहाण्यासारखा राहतो. भरली ट्रॉली सपाटीवर न्यायला जेवढी ताकद लागते त्याच्या दुपटीहून जास्त चढाला लागते. आणि चढाला वेग ताशी आठ-दहा किलोमीटर, म्हणजे समोरून वारा येऊन मदत करणार नाही. सगळी भिस्त पंख्यावर. त्यातून मी वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवत नेत होतो. पंखा आणि पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. इंजिन हळू झालं की तेही हळू, नेमके गरज असते तेव्हाच.

मिस्त्रींनी वर्तमानपत्राचं पान मागितलं. इंजिन चालू करून रेडिएटरच्या पुढे धरलं. पंख्याच्या ओढीनं कागद जाळीला चिकटून राहायला हवा. खालच्या बाजूला चिकटला. मधे आणि वर धरला की घसरून खाली पडायचा. तीनदा पडला.

पुढची जाळी काढली, आणि अण्णांनी मागून पंख्याच्या बाजूनं बॅटरी मारली. रेडिएटरच्या नळ्यांमध्ये अत्यंत पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यांच्या फटींतून वारा जातो. चांगल्या रेडिएटरमधून उजेड चाळणीसारखा आरपार दिसतो. इथं खालच्या वीतभर पट्ट्यात दिसत होता. वर सगळा अंधार. पट्ट्या मोडून एकावर एक झोपल्या होत्या, पावसानं झोपलेल्या गव्हासारख्या. आणि त्या आडव्या रांगांमध्ये झोपल्या होत्या. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. कुणीतरी गन फिरवावी तशा.

मिस्त्री काही क्षण बघत राहिले. "हे प्रेशरच्या पाण्याचं काम हाय. लई जवळनं मारलंय. कुणी धुतला?"

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. पण तोंड उघडायच्या आधी अण्णा म्हणाले, "मीच न्हेला हुता. दिवाळीत."

"अण्णा, तुमी?" मिस्त्री म्हणाले. "विहिरीवर धुणारा मानूस तुमी..."

"झालं नव्हं. आता काय करायचं ते सांग."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं असणार. यंत्राच्या पोटातलं ज्याला बाहेरून कळतं, त्याला माणसाचं कळत नसेल?

नवा रेडिएटर त्या रात्री मिळणार नव्हता. मिस्त्रींनी हॅक्सॉच्या पात्याचे तुकडे घासून बोथट केले आणि आम्ही तिघं बसलो. एकेक पट्टी नखानं उचलावी तशी उभी करायची. जोर लावला तर नळीला भोक पडणार. पहिल्या तासात माझ्या हातून तळहाताएवढी जागासुद्धा झाली नाही. अण्णांना दिसत नव्हतं नीट, ते बोटानं चाचपून करत होते आणि माझ्या पुढे होते. आईनं मधेच भाकरी आणून दिली. साडेअकराला मिस्त्री गेले. आम्ही एक वाजेपर्यंत बसलो. उजेड हळूहळू वर सरकत होता. सगळा नाही, पण बराचसा आरपार दिसायला लागला.

त्या वेळी मी विचारलं, "तुम्ही का सांगितलंत, तुम्ही नेला म्हणून?"

अण्णांनी हात थांबवले नाहीत. "मिस्त्री गावभर फिरतो. तुझं गावात हुशार म्हनून नाव हाय. ऱ्हाऊ दे की." मग जरा वेळानं म्हणाले, "आन तू काय मोडायला न्हेला नव्हतास. बरा दिसावा म्हनून न्हेलास."

यावर काय बोलणार? त्याच दिवशी दुपारी खिंडीत मी त्यांना भंगार, भंगार म्हणून ऐकवत होतो.

सकाळी तिसरी खेप. मिस्त्री मडगार्डवर येऊन बसले. चढ लागायच्या आधीच त्यांनी खालचा गिअर टाकायला लावला आणि रेस धरून ठेवायला सांगितलं. ती बाभळ आली. काटा वर चढत होता. लाल रेघेच्या अलीकडे एक बोट राहिला, आणि तिथंच थांबला. खिंड संपेपर्यंत तिथंच. उताराला लागल्यावर हळूहळू खाली आला. कुणी काही बोललं नाही. मिस्त्रींनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, एवढंच.

उरलेला ऊस चार दिवसांत गेला. नंतर रेडिएटर नवा बसवला, आणि बोअरच्या पाण्याऐवजी आता कूलंट असतो. ट्रॅक्टर अजून आहे. धुतात तो विहिरीवर.

मला राहून राहून वाटतं, की 'वय झालं' हे माझं निदान नव्हतंच. ते निदान न करण्याचं कारण होतं. ते एकदा म्हटलं की पुढे काही बघावं लागत नाही. झाकण उघडायला नको, कागद धरायला नको. आणि सगळ्यात सोयीचं म्हणजे आपलं स्वतःचं काही चुकलंय का, हा प्रश्नच उरत नाही.

त्या फेब्रुवारीत मी अण्णांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोनेक वर्षं त्यांना कमी ऐकू येत होतं, टीव्ही मोठ्यानं लावायचे, आणि आम्ही सगळे एकमेकांना सांगायचो, वय झालं. डॉक्टरांनी दोन्ही कानांतून मळ काढला. बाहेर आल्यावर अण्णा रस्त्यावर थांबले आणि म्हणाले, "केवढा आवाज करत्यात रं ही वाहनं!" मग तपासणी झाली. थोडं कमी ऐकू येतं, ते वयाचंच निघालं. म्हणजे अर्धा मळ आणि अर्धं वय.

असो. वय असतंच, नाही असं नाही. पण आधी मळ काढून बघायला काय हरकत आहे?